जॉर्डन नदीकाठी चौदा रोट

परदेशाच्या सीमेवर, लोखंडी बाकावर बसून, घड्याळ लावून साडेचार रोट खाणारा जळगाव जिल्ह्यातला मी बहुधा पहिलाच माणूस असेन. याचा मला अभिमान नाही. माझ्या पोटाला तर अजिबातच नाही.

आमच्या घरात प्रवासाचं नियोजन माझ्याकडे असतं. हे काम मला कोणी दिलेलं नाही, मी ते ओढून घेतलंय. जळगावच्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क आहे, त्यामुळे फॉर्म दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. आबांचे मित्र योहानकाका जेव्हा म्हणाले की धुळ्याच्या त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, सहल पवित्र भूमीला निघतेय, तेव्हा बावीस जणांचे फॉर्म मीच भरले. तारखाही मीच सुचवल्या. सगळी चूक तिथेच झाली, पण ती कळायला मला दोन महिने लागले.

योहानकाका आणि माझे वडील आबा पारोळ्याच्या एकाच हायस्कुलात शिक्षक होते. आबा भूगोल शिकवायचे, काका चित्रकला. आबांनी वर्गात भिंतीवर नकाशा टांगावा आणि तो आधी काकांनी रंगवलेला असावा, असं तीस वर्षं चाललं. काकांना एकदा यरुशलेम पाहायचं होतं. मार्थाकाकू असताना जमलं नाही, त्या गेल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दोन्ही मुलांना रजा नव्हती. काका भास्करशिवाय (म्हणजे आमच्या आबांशिवाय) जायला तयार नव्हते, आबा आईशिवाय निघेनात, आणि आई म्हणाली, "शरद संगे नसला तर कागद कोन भरी?" मी निघालो म्हटल्यावर माझी बायको माधुरी निघाली, कारण मला एकट्याला सोडणं तिला धोक्याचं वाटतं. अशा रीतीने अठरा ख्रिस्ती भाविक आणि चार पाटील असा ताफा तयार झाला.

त्यात मंडळीच्या पाळकसाहेबांनी काकांना एक मान दिला. रविवारी सकाळी आठ वाजता यरुशलेममधल्या एका छोट्या चॅपेलमध्ये आमच्या मंडळीची उपासना होती, आणि तिथे मराठीतून शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, योहानकाका वाचणार होते. काका तीन महिने सराव करत होते. आबा सांगायचे की पारोळ्याच्या बाजारात भाजी घेतानाही त्याचे ओठ हलतात. या वयात माणूस अशी कशाची तरी वाट पाहताना दिसला की आपल्यालाच धाकधूक होते. मला तर झालीच, कारण फॉर्म माझे होते.

आता चूक सांगतो. तारीख ठरवताना मी हवामान पाहिलं, विमानाच्या वेळा पाहिल्या, काकांच्या गुडघ्याला पायऱ्या किती लागतील तेही पाहिलं. श्रावण तेवढा पाहायचा राहिला!

"मंगळवारले निंघानं?" आई म्हणाली. "आनि कानबाई?"

"कानबाई रविवारी बसते, सोमवारी विसर्जन. मंगळवारी आपण मोकळे! मी सगळं बघूनच ठरवलंय," मी म्हणालो. (काही बघितलं नव्हतं. योगायोग होता.)

"आनि रोट?"

ज्यांच्या घरी श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, बसत नाही त्यांना या दोन अक्षरांतली भीती कळायची नाही. आमच्याकडे कानबाईला भाऊबंदातल्या दर पुरुषामागे गव्हाचं माप धरतात. पुरुष गावात असो, सुरतेला असो, नाहीतर पाळण्यात असो, त्याचं माप धरायचंच. त्या पिठाचे ताटलीएवढे, बोटभर जाडीचे गोड रोट होतात. ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही, लग्न होऊन गेलेल्या सख्ख्या लेकीलाही नाही. टाकायचे नाहीत, ठेवायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत न सोडता मातीतच ओतायचं.

त्या वर्षी मापं धरली सगळ्यांची आणि आले निम्मेच. जे आले त्यांतल्या एकाला शुगर निघाली होती, एकाला डॉक्टरांनी गहू बंद केला होता आणि बाकीच्यांना सोमवारी संध्याकाळची गाडी होती. देवीचं विसर्जन करून आम्ही घरी आलो तेव्हा परातीत सव्वीस रोट होते आणि घरात आम्ही चौघं.

"कुलूप लावीसन जाऊत," मी म्हणालो.

"देवीना रोट कुलूपमा?" आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात कुलूप परत खिशात टाकलं. "आपला संगे येतीन. आपुनच खाऊत. आपुन कोठे बी गऊत तरी भाऊबंदच शेतस ना?"

माधुरीने तिच्या बॅगेतून दोन ड्रेस आणि केस वाळवायचं मशीन काढलं आणि माझ्याकडे न बघता जागा करून दिली.

आधी जॉर्डन, मग नदी ओलांडून यरुशलेम असा बेत होता, आणि जॉर्डनमध्ये अम्मानच्या विमानतळावर कोणी काही विचारलं नाही. मी खूश झालो. (मी नेहमी चुकीच्या ठिकाणी खूश होतो.) हॉटेलात सकाळी नाश्त्याला चाळीस तरी पदार्थ मांडलेले असायचे. ऑलिव्ह, चीज, अंजीर, मधाचं पोळंच्या पोळं! आमच्या ग्रुपमधले लोक ताटं भरभरून घ्यायचे, आणि आम्ही चौघं खोलीचं दार लावून कोरडे रोट चावायचो. दुपारी तेच. रात्री तेच. बाहेर मंडळीत बोलणं सुरू झालं, की पाटलांचं कुटुंब रोज तासतासभर दार लावून प्रार्थना करतं.

"आमच्यापेक्षा तुमची श्रद्धा मोठी," पाळकसाहेब एकदा मला जिन्यात म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या तोंडात रोट होता, त्यामुळे मला फक्त मान हलवता आली, आणि तेही त्यांना नम्रपणाचं वाटलं.

हात धुतलेलं पाणी आई बाथरूमच्या बादलीत साठवायची आणि हॉटेलच्या लॉबीतल्या मोठ्या कुंडीत नेऊन ओतायची. गुरुवारी सकाळी त्या कुंडीपासून रिसेप्शनपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. मी पावती घेण्याच्या निमित्ताने तिच्यावरून उडी मारून गेलो.

गुरुवारी दुपारी आम्ही नेबो डोंगरावर गेलो. मोशेने चाळीस वर्षं लोकांना वाळवंटातून चालवत आणलं आणि देवाने त्याला वचनाचा देश या डोंगरावरून नुसता दाखवला, आत जाऊ दिलं नाही, असं गाईडने सांगितलं. खाली धुरकट दरी होती, नदीची बारीक हिरवी रेघ होती, आणि पलीकडे डोंगर. हवा स्वच्छ असली की यरुशलेमही दिसतं म्हणे. काका कठड्याला धरून किती तरी वेळ उभे राहिले.

"भास्कर," ते आबांना म्हणाले, "बिचाराले आठलगुनच येता उनं. चाळीस वरीस चालना आनि आठेच ऱ्हायना."

"तुले उद्या जावाले भेटी," आबा म्हणाले. "तू काय मोशे नही. तुना फॉर्म शरदनी भरेल शे."

काका हसले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातामुळेच माझं डोकं चालू लागलं, आणि ते चालू लागलं की आमच्या घरात काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आम्हाला नदीवरची सीमा ओलांडायची होती, आणि शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, पलीकडची इस्रायली चौकी शुक्रवारी दुपारी एकलाच बंद होणार होती. शनिवारी पूर्ण बंद. म्हणजे एक वाजता आत नसलो, तर थेट रविवारी चौकी उघडल्यावर, आणि तोवर चॅपेलमधली उपासना होऊन गेलेली असणार. पाळकसाहेबांनी हे बसमध्ये माईकवरून तीन वेळा सांगितलं होतं. आमच्याकडे अजून चौदा रोट होते. मी विचार केला, की एका बॅगेत चौदा जाड जाड चकत्या मशीनमध्ये दिसल्या तर कोणालाही शंका येईल. पण चौदा बॅगांत एक एक चकती? कोण बघतंय!

मी योजना आईला सांगितली. मला वाटलं ती नाही म्हणेल. पण नुसतं सांभाळायला देण्यात काही गैर नाही, खायचं नाही म्हणजे झालं, असं तिने ठरवलं. फक्त देवीचं आहे म्हणून तिने प्रत्येक रोट पांढऱ्या फडक्यात बांधला, वर घट्ट गाठ मारली आणि गाठीवर हळदीकुंकवाचं बोट लावलं. चौदा सारखी गाठोडी, चौदा लाल-पिवळे ठिपके. मला ते फारच नीटनेटकं वाटलं.

चहाच्या वेळी मी लॉबीत ती वाटली.

"यात काय आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"काही नाही. फक्त बॅगेत ठेवा आणि पलीकडे गेल्यावर मला परत द्या."

"उघडायचं नाही?"

"नाही नाही! उघडायचं नाही, खायचं तर मुळीच नाही. ते तुमच्यासाठी नाही."

मंडळी फार चांगली माणसं. कोणी एक शब्द जास्त विचारला नाही. जे कुटुंब रोज तासतासभर प्रार्थना करतं, त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार?

शुक्रवारी साडेदहाला आम्ही पूल ओलांडून पलीकडच्या चौकीत पोचलो. अडीच तास हातात. मी घड्याळ बघून काकांना अंगठा दाखवला. काकांनी त्यांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि वाचनाचा कागद खिशात ठेवून वर पिन लावली होती.

मोठ्या हॉलमध्ये रांग होती. टेबलामागे एक पंचविशीची अधिकारी मुलगी बसली होती. केस घट्ट बांधलेले, चेहरा शुक्रवारच्या शेवटच्या ड्यूटीचा. रांगेत पहिले पाळकसाहेब होते. तिने सगळ्यांना विचारायचा ठरलेला प्रश्न विचारला, की दुसऱ्या कोणी तुमच्याकडे काही वस्तू न्यायला दिली आहे का?

मी तिसरा होतो. हा प्रश्न विचारतात हे मला माहीत होतं! फॉर्मच्या मागे छापलेलं मी स्वतः वाचलं होतं!

पाळकसाहेब हे नदीच्या त्या काठावर उभे होते जिथे पोचायचं स्वप्न त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. तिथे खोटं बोलणं त्यांच्या मनातही आलं नसेल.

"हो," ते म्हणाले.

"काय वस्तू?"

"ते माहीत नाही. उघडायची नाही असं सांगितलंय."

"कोणी दिली?"

पाळकसाहेबांनी वळून, अतिशय प्रेमाने, माझ्याकडे बोट केलं.

त्यानंतर जे झालं ते मी डोळे मिटून घेतले तरी मला दिसतं. अधिकारी मुलगी उठली. तिने सगळ्या रांगेला मोठ्याने विचारलं, की आणखी कोणाला या माणसाने काही दिलं आहे का? आणि धुळ्याच्या मंडळीने, वृद्ध-तरुण, स्त्री-पुरुष, एकेक करून हात वर केले. मग बॅगा उघडल्या. टेबलावर एकापुढे एक गाठोडी येऊ लागली. तिसरं आलं तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या, सातवं आलं तेव्हा तिने कोणाला तरी फोन केला, आणि दहाव्याला एक उंच साहेब आणि एक कुत्रा आला.

"कुत्राले लावू नका वं माय!" आई किंचाळली आणि टेबलावर आडवी पडली. हॉलमधले दोन सैनिक वळले. माधुरीने हळूच माझा दंड धरला आणि म्हणाली, "तुमची योजना." एवढंच. घटस्फोटाच्या कागदावरही मी इतकं थोडक्यात लिहिलेलं पाहिलेलं नाही.

मला बाजूच्या टेबलाशी नेलं. माझं इंग्रजी कॉलेजच्या पत्रव्यवहारात चांगलं चालतं, पण तिथे त्याचे पाय लटपटले.

"हे काय आहे?"

"पोळी. देवीची जाड पोळी."

"मग हे लोक का म्हणतात की त्यांना खायची परवानगी नाही?"

"कारण ते आमच्या कुळातले नाहीत."

"मग त्यांच्या बॅगेत का?"

"सांभाळायला."

"कशापासून?"

मी घाम पुसला. "तुमच्यापासून," असं खरं उत्तर माझ्या तोंडातून बाहेर पडलं. उंच साहेबाने काहीतरी लिहून घेतलं.

रोट मशीनमधून गेले, परत गेले, एका रोटावर कसली तरी पट्टी फिरवली. शेवटी त्यांची खात्री पटली की हे पीठ आणि गूळच आहे. पण घरचं अन्न असं आत जाऊ देता येणार नाही, म्हणून त्या मुलीने कोपऱ्यातलं कचऱ्याचं पिंप दाखवलं. "टाका आणि जा. पावणेबारा वाजलेत."

मी आईकडे पाहिलं. आईने पिंपाकडे पाहिलं. त्या पिंपात केळीची सालं आणि सिगारेटची पाकिटं होती.

"शरद, तिले सांग," आई म्हणाली, "मी आठेच बसस. तुम्ही बठ्ठा जा. मनी देवी मी असी टाकाव नही."

तेव्हा मला पहिल्यांदा खरोखर रडू येईल असं वाटलं. एकीकडे आई लोखंडी बाकावर पदर खोचून बसलेली, दुसरीकडे काका. ते काचेपलीकडच्या रस्त्याकडे बघत होते आणि खिशावरची पिन बोटाने चाचपत होते. ग्रुपचा परवाना एकच होता, म्हणजे एक अडकला की बावीस अडकले. आणि तो परवानाही एकत्र मीच काढला होता, सोय म्हणून!

मी त्या मुलीकडे परत गेलो आणि सगळं सांगितलं. माप, भाऊबंद, पौर्णिमा, हात धुतलेलं पाणी, सगळं. इंग्रजी कसं होतं देव जाणे. ती ऐकत राहिली. मध्येच तिने विचारलं, "आणि उरलं तर?"

"उरायचं नाही. उरू द्यायचंच नाही."

तिने मान कलती केली. "माझी आजी आमच्या सणाच्या आधी घरातला पावाचा एकेक कण शोधते, उरलेला चालत नाही म्हणून. कपाटामागे मेणबत्ती घेऊन," ती म्हणाली. मग घड्याळ पाहिलं. "फेकायचं नाही, नेता येणार नाही. मग खा. पाऊण वाजेपर्यंत. त्यानंतर मी खिडकी बंद करणार."

मी आईला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. "शानी पोर शे," ती म्हणाली आणि पहिली गाठ सोडली.

बारा वाजले होते. चौदा रोट, चार माणसं, पंचेचाळीस मिनिटं. सहा दिवसांचे रोट कसे लागतात हे मी सांगत नाही. पहिला तोंडात फिरत राहतो, दुसरा घशात थांबतो, आणि तिसऱ्याला घसा दारच उघडत नाही. आबांची कवळी पहिल्याच रोटाला सैल झाली. त्यांनी ती रुमालात ठेवली आणि रोट पाण्यात भिजवून खाऊ लागले. माधुरी अतिशय शांतपणे, समोरच्या भिंतीकडे बघत, एका लयीत खात होती. ती अशी शांत झाली की मी घरात फारसं बोलत नाही.

समोर अठरा माणसं उभी. त्यांनी सकाळी सहाला नाश्ता केलेला, पोटात कावळे ओरडत होते. एक मावशी हळूच म्हणाल्या, "एकेक तुकडा आम्ही घेतला असता तर दोन मिनिटांत संपलं असतं हो." खरं होतं! अठरा भुकेल्या माणसांसमोर आम्ही चौघं गच्च भरल्या पोटाने खात होतो आणि त्यांना देऊ शकत नव्हतो. पाळकसाहेबांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि आमच्यासाठी प्रार्थना सुरू केली. आमच्या पचनासाठी पवित्र भूमीच्या दारात मराठीत प्रार्थना झाली, हे माझ्या नावावर कायमचं लागलं आहे.

साडेबाराला आईचे तीन झाले, माधुरीचे तीन, आबांचे दोन, माझे चार. दोन उरले. मी त्यातला एक मोडून अर्धा खाल्ला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आबांनी हात जोडून नाही म्हटलं. माधुरीने भिंतीकडे बघतच मान हलवली. आई अर्ध्या घासाशी थांबली होती, तिच्याने तो गिळवत नव्हता.

"मी उभं राहून परत खातो," मी म्हणालो, आणि उठलो, आणि लगेच खाली बसलो. माझं शरीर माझं ऐकत नव्हतं. पंधरा मिनिटं होती, दीड रोट होता आणि काकांचा रविवार होता. इतकी वर्षं मी लोकांच्या तारखा, फॉर्म आणि तिकिटं सांभाळत आलो, आणि ज्या एका माणसासाठी ते सांभाळायचं होतं त्याला मी डोंगरावरून दाखवून दारातून परत नेणार होतो. मला माझा इतका राग कधी आला नव्हता.

आबांनी कवळी परत तोंडात बसवली. म्हणजे त्यांना काहीतरी महत्त्वाचं बोलायचं होतं.

"योहान मना भाऊ शे," ते आईला म्हणाले.

"ते माले म्हाईत शे."

"मंग?"

आईने काकांकडे पाहिलं. पन्नास वर्षं काका दर कानबाईला सोमवारी आमच्या घरी येतात. ओट्यावर बसतात, चहा घेतात, आतून रोटाचा वास येत असतो. आई दरवर्षी त्यांना वेगळी भजी तळून देते. काकांनी कधी विचारलं नाही आणि आईने कधी दिलं नाही, आणि दोघांनाही त्याचं वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

"भाऊजी," आईने विचारलं, "तुम्ही खाशात का?"

काका पुढे आले. त्यांचा गुडघा दुखत होता. ते आईशेजारी बाकावर बसले. "वहिनी, इच्यार करीसन सांगा. मन्हाकरता मोडू नका."

"मोडत नही. तुम्हनं बी माप धरसू."

काकांनी दोन्ही हात पुढे केले. आईने त्यांना दीड रोट दिला. ती अधिकारी मुलगीही खिडकीतून बघत होती.

"पन्नास वरीस निस्ता वास लिधा," काका म्हणाले आणि त्यांनी पहिला घास घेतला. चावला. परत चावला. बराच वेळ चावत राहिले. मग आबांकडे वळून हळूच म्हणाले, "भास्कर, हाई... हाई आसंच लागस का?"

आबा इतके हसले की कवळी परत काढावी लागली. आई हसता हसता रडली. काकांनी मात्र कणही न सांडता, आठ मिनिटांत, दीड रोट संपवला. दारातल्या ऑलिव्हच्या कुंडीपाशी आम्ही पाचही जणांनी हात धुतले आणि खिडकी बंद व्हायला दोन मिनिटं असताना बावीस माणसं पलीकडे गेली. जाताना त्या मुलीने माझ्या पासपोर्टवर शिक्का मारला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी एकटे या." मला ते निमंत्रण वाटलं. माधुरीने सांगितलं की तसं नव्हतं.

रविवारी सकाळी आठ वाजता यरुशलेमच्या त्या चॅपेलमध्ये योहानकाकांनी शास्त्रपाठ वाचला. आमच्यातल्या वीस माणसांनी तो ऐकला. सगळे सांगतात की काकांचा आवाज सुरुवातीला थरथरला आणि मग असा लागला की शेजारच्या रस्त्यावरचे दोन परदेशी आत येऊन बसले. आबांनी रुमाल काढला. आईला शब्द कळले आणि ती मान डोलवत राहिली.

बाविसावा माणूस मी. मी शनिवारपासून हॉटेलच्या बाथरूममध्ये होतो.

ज्यासाठी एवढं सगळं केलं तेच हुकलं, म्हणून मी त्या पांढऱ्या फरशीकडे बघत अक्षरशः हुंदके देत बसलो होतो, तेव्हा दारावर टकटक झाली.

"शरद, पोऱ्या," काकांचा आवाज आला. "तू ऐकं नही ना? बस तसाच. मी वाचस."

आणि बाथरूमच्या बंद दाराबाहेर, गुडघा दुखत असताना उभं राहून, काकांनी तो सगळा पाठ माझ्या एकट्यासाठी पहिल्यापासून वाचला. पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट होती. येशूने तेवढ्यातच पाच हजार लोक जेवू घातले. काय आवाज होता! मी आत डोळे पुसत होतो. मग सगळे तृप्त झाले, आणि काका उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्यांपाशी आले, आणि पवित्र भूमीत माझ्या तोंडून निघालेला एकमेव भाविक उद्गार दाराबाहेर गेला:

"काका, पाया पडतो, ते कोणी खाल्लं तेवढं सांगू नका!"